स्मार्ट मीटर : तराजू दोघांनाही दिसला पाहिजे



या महिन्याचा विषय विजेच्या मीटरचा आहे. आमच्या संत तुकाराम नगरातील जुन्या म्हाडा इमारतींत जिन्याखाली मीटरची रांग असते. कुठे नवी मीटर आली आहेत, कुठे यायची आहेत. पालकसभा संपली की माता थांबून विचारतात, "मॅडम, नवे मीटर बसवू द्यावे की नको?" त्यांना दोन प्रकारची उत्तरे आधीच मिळालेली असतात. एक जण सांगतो, "अजिबात बसवू देऊ नका, बिल दुप्पट येते." दुसरा सांगतो, "बसवा, आता वीज स्वस्त होणार."

ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. मीटर वीज महाग करत नाही आणि स्वस्तही करत नाही. ते फक्त मोजते. विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. मग नव्या मीटरने काय बदलते? पूर्वी माप महिन्यातून एकदा घेतले जाई. आता ते दिवसभर, साधारण दर अर्ध्या तासाला नोंदले जाते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून वीज कंपनीकडे आपोआप पोहोचते. हे माप आपणही पाहू शकतो. आपण ते पाहिले तरच त्याचा फायदा घरात येतो. कंपनीने एकटीने पाहिले तर फायदा तिच्याकडेच राहतो. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

आधी थोडा इतिहास

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वीज वितरण सुधारण्याची योजना आणली. तिच्यात देशभर सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचे ठरले आणि तेही प्रीपेड, म्हणजे मोबाइलप्रमाणे आधी पैसे भरा, मग वीज वापरा. महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे चार कंपन्यांना दिली. एका मीटरमागे खर्च सुमारे १२ हजार रुपये आणि केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त ९०० रुपये, हे बाहेर येताच ग्राहक संघटनांनी विचारले की बाकीचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जाणार? रोजंदारीवर घर चालवणाऱ्याचे पैसे महिन्याच्या मध्येच संपले तर रात्री त्याच्या घरात अंधार व्हायचा का, हाही प्रश्न होता. २०२४ मध्ये राज्यभर विरोध झाला. त्या वर्षी जूनमध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले.

त्यानंतर जी मीटर येत आहेत ती पोस्टपेड आहेत. महिन्याला बिल येते, ते मुदतीत भरायचे, हे पूर्वीसारखेच आहे. कंपनी यांना टीओडी मीटर म्हणते. वेळेनुसार वापर नोंदणारे मीटर, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून "पैसे संपताच लाइट जाईल" ही भीती या मीटरबाबत बाळगायचे कारण नाही. मात्र मीटरच्या खर्चाचा प्रश्न रास्त आहे. दरवाढीच्या सुनावणीत तो विचारत राहिला पाहिजे.

मापात पाप

मराठीत "मापात पाप" म्हणतात. आपल्या घरांत हा विषय मुलांना लहानपणीच शिकवला जातो. कुरआनमधील सूरह मुतफ्फिफीन मापात कमी करणाऱ्यांविषयीच आहे. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना हात आखडणारे असे लोक तेथे दाखवले आहेत. हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांनी मदयनच्या लोकांना जी ताकीद दिली तीही माप आणि वजन पुरे देण्याची होती. दुकानदाराच्या तराजूला आपण ही शिकवण लावतो. विजेचे मीटरही तराजूच आहे, आणि एका बाजूला कंपनी आहे तशी दुसऱ्या बाजूला आपण आहोत.

जुना तराजू नीट दिसत नव्हता. रीडिंग घ्यायला माणूस यायचा, तेव्हा पेटीला कुलूप असले किंवा आपण गावी गेलेलो असलो की सरासरी बिल यायचे. पुढच्या महिन्यात खरे रीडिंग आले की मोठा आकडा समोर उभा राहायचा. कधी फोटोतला आकडा चुकीचा वाचला जाई, मग बिल दुरुस्त करून घ्यायला फेऱ्या माराव्या लागत. स्मार्ट मीटर रोज दुरूनच वाचले जाते, त्यामुळे कुलूपबंद पेटी आणि सरासरी बिल हे कारण उरत नाही. वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम २०२० चे आहेत. त्यांनुसार स्मार्ट मीटर दिवसातून किमान एकदा दुरून वाचले गेले पाहिजे आणि ती माहिती ग्राहकाला संकेतस्थळ, ॲप किंवा एसएमएसवर मिळाली पाहिजे. म्हणजे माप पाहणे हा आपला हक्क आहे.

घराचा फायदा, कागद-पेन घेऊन

आठवीच्या मुलांना मी हे गणित फळ्यावर करायला लावते. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला तरी एक युनिट. ९ वॅटचा एलईडी दिवा मात्र एका युनिटात शंभर तासांहून अधिक जळतो. म्हणून "लाइट बंद कर" म्हणून मुलांवर ओरडणारे आपण गिझरचे बटण तासभर चालू ठेवतो, तेव्हा हिशेब उलटा होतो.

आता स्लॅब पाहू. महावितरणचे घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशा टप्प्यांत आहेत. अनेकांना वाटते की १०१ वे युनिट पडले की सगळे बिल वरच्या दराने लागते. तसे नाही. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने लागतात, वरची तेवढी पुढच्या दराने. पण दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. वहन आकार धरला तर दुसऱ्या टप्प्यातले एक युनिट दहा रुपयांच्या पुढे जाते. ज्या घरात महिन्याला १८० युनिटे लागतात, तिथे १५ युनिटे वाचली तर ती वरच्या दराचीच वाचतात, म्हणजे दीडशे रुपयांहून अधिक. जुन्या मीटरवर हे बिल आल्यावर कळायचे, तोवर महिना संपलेला. आता वीस तारखेलाच ॲपवर दिसते की किती युनिटे झाली आणि दहा दिवस कसे काढायचे.

तिसरी गोष्ट वेळेची. कारखान्यांना वेळेनुसार दर बऱ्याच वर्षांपासून लागू आहेत. घरांना ही सोय नवी आहे. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून शेती सोडून इतर ग्राहकांनाही १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावावेत, असे ठरवले. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत जाहीर झाली. पहिल्या वर्षी युनिटमागे ८० पैसे, पुढे टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत. आयोगाच्या आदेशाने दर बदलतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावर ही ओळ आहे का आणि आकडा किती आहे, ते स्वतः पाहा.

या सवलतीने किती वाचेल? १८० युनिटांपैकी ६० युनिटे दिवसा वापरली तर ४८ रुपये. कपडे धुणे, इस्त्री, मिक्सर, पाण्याचा पंप दिवसा करून आणखी १५ युनिटे वळवली तर आणखी १२ रुपये. रक्कम मोठी नाही. जे लोक या सवलतीने बिल निम्मे होईल म्हणतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. पण १५ युनिटे वळवण्यापेक्षा १५ युनिटे वाचवणे किती मोलाचे, हे या दोन आकड्यांतूनच दिसते. नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. इसराफ टाळायचा तर तो आधी दिसायला हवा.

तो पाहण्याचा एक सोपा उपाय सांगते. ॲपवर रात्री २ ते ४ या वेळेतील वापर पाहा. घर झोपलेले असते, फ्रिज आणि पंखे सोडून काही चालायला नको. तरीही आकडा मोठा दिसला तर काहीतरी उगाच चालू आहे. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, चालू राहिलेला गिझर, दार नीट न लागणारा जुना फ्रिज, किंवा वायरिंगमधील गळती. वायरिंगचा संशय आला तर वायरमनला बोलवा, तिथे प्रश्न फक्त बिलाचा नसून जिवाचाही आहे.

ग्रीडचा फायदा म्हणजे कोणाचा?

ग्रीड म्हणजे देशभरातील वीजकेंद्रे आणि वाहिन्यांचे सामाईक जाळे. त्यात वीज फारशी साठवून ठेवता येत नाही. जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती त्या क्षणी हवी. हा तोल ५० हर्ट्झ या आकड्यावरून कळतो. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की आकडा खाली जातो. तोल फार बिघडला तर काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताने पाहिले. काही राज्यांनी वाट्यापेक्षा जास्त वीज ओढली, वाहिन्यांवर भार आला आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. सूरह अर-रहमानमध्ये आकाश उंच उभारल्याचे आणि तोल राखल्याचे एकत्र सांगितले आहे. शाळेत ग्रीड शिकवताना मला ते आठवते.

आपल्या पट्ट्यात हा तोल सांभाळणे अवघड आहे. एका बाजूला भोसरी आणि चाकणचे कारखाने, दुसऱ्या बाजूला लाखो घरे. संध्याकाळी सहा-सातनंतर पहिली पाळी सुटून आलेली घरे एकदम जागी होतात. दिवे, टीव्ही, पंखे, पंप, एसी सारे एका वेळी. रमजानमध्ये इफ्तारच्या आसपास आपल्या स्वयंपाकघरांत काय धावपळ असते ते आपल्याला ठाऊकच आहे. याच वेळी सूर्य मावळतो आणि सौर वीज बंद होते. ही संध्याकाळची गरज भागवायला कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे कामी येतात, कारण पाणी सोडताच ती काही मिनिटांत चालू होतात. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे, पण वीजनिर्मितीसाठी वापरायच्या पाण्याला मर्यादा आहे. उरलेली वीज कोळशावर किंवा बाजारातून महाग घ्यावी लागते, आणि ती किंमत वर्षाअखेर सगळ्यांच्या बिलात उतरते.

दुपारी उलटे असते. सौर वीज भरपूर असते आणि ती वाढतच आहे. म्हणून दुपारचे दर कमी करून कंपनी सांगते की कपडे आत्ता धुवा. एका घराने कपडे दुपारी धुतले तर ग्रीडला कळणारही नाही, लाखो घरांनी धुतले तर एखादे महागडे केंद्र चालवावे लागणार नाही. कोणी केव्हा धुतले हे मोजल्याशिवाय सवलत देता येत नाही, आणि ते मोजणे जुन्या मीटरला जमत नव्हते.

आणखी एक फायदा आपल्या गल्लीतलाच. उन्हाळ्यात डीपीवर भार वाढतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. कोणत्या डीपीवर कोणत्या वेळी किती भार आहे हे मीटरच्या नोंदींवरून आधी कळले, तर मोठी डीपी वेळेत बसवता येते. वीज गेली की मीटर तसा संदेश पाठवू शकते, त्यामुळे बिघाड कुठे आहे ते शोधायला कमी वेळ लागतो. पण ही माहिती वापरून दुरुस्ती करणे कंपनीचे काम आहे. नुसती मीटर लावून डीपी जुनीच ठेवली तर ग्राहकाने जाब विचारलाच पाहिजे.

बदनाम वस्त्या आणि प्रामाणिक घरे

आता थोडे कडू बोलायचे आहे. महावितरणने भारनियमन करताना वाहिन्यांचे ए ते जी असे गट केले होते. ज्या वाहिनीवर गळती जास्त आणि वसुली कमी, ती खालच्या गटात. वरच्या गटांना भारनियमन नाही किंवा कमी, खालच्या गटांना तासन्‌तास अंधार. त्या खालच्या गटातही दर महिन्याला बिल भरणारी घरे होतीच. दोन गल्ल्या पलीकडे कोणी आकडा टाकला म्हणून त्यांच्या मुलांनी मेणबत्तीवर अभ्यास केला.

भिवंडीचे वितरण २००७ मध्ये आणि मुंब्रा-कळवा-शीळ व मालेगावचे २०२० मध्ये खासगी कंपन्यांकडे गेले. गळती आणि थकबाकी हे त्याचे मोठे कारण होते. अशी नावे बातमीत आली की साऱ्या वस्तीकडे, आणि मग साऱ्या समाजाकडे, त्याच नजरेने पाहिले जाते. गळतीत जुन्या तारा आणि ओव्हरलोड डीपीचाही वाटा असतो, हे कोणी सांगत नाही.

डीपीवर मीटर आणि प्रत्येक घराला स्मार्ट मीटर असेल तर डीपीतून किती वीज निघाली आणि घरांनी किती मोजून घेतली, याचा ताळा रोज लागतो. फरक कुठे आहे ते त्या डीपीपुरते कळते. मीटरशी छेडछाड झाली तर त्याची नोंदही राहते. मग संपूर्ण वाहिनीला शिक्षा करायला कारण उरत नाही. बिल भरणाऱ्या वस्तीने, खास करून आपल्या वस्त्यांनी, ही मागणी पुढे येऊन करायला हवी : आमच्या डीपीचा हिशेब जाहीर करा, आणि जो चोरी करतो त्यालाच धरा.

ही मागणी करताना आपलेही हात स्वच्छ हवेत. जलशासाठी, मिलादच्या रोषणाईसाठी किंवा लग्नाच्या मांडवासाठी खांबावर आकडा टाकायचा आणि आत दीनवर बयान करायचे, हे शोभत नाही. वीज कायदा २००३ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि त्याआधी ती दुसऱ्याच्या मालाची चोरी आहे. तात्पुरती वीजजोडणी रीतसर मिळते, ती घ्यावी.

घरमालकांनाही एक विनंती आहे. आपल्या भागात कंपनीतील कामगार भाड्याने राहतात. अनेक ठिकाणी त्यांना सब-मीटर लावून मालक स्वतःचा दर आकारतात. दुपारची सवलत मूळ मीटरवर येते आणि भाडेकरूपर्यंत पोहोचतच नाही. मूळ बिल भाडेकरूला दाखवा आणि त्याच दराने पैसे घ्या. तराजू तुमच्या हातात आहे तेव्हा सूरह मुतफ्फिफीन तुमच्यासाठीही आहे.

माप चुकले तर

नवे मीटर बसवताना जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा, नव्याच्या पहिल्या आकड्याचा आणि मीटर क्रमांकाचा फोटो घ्या. बसवणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका.

पहिले बिल जास्त आले तर आधी तीन गोष्टी पाहा : बिल किती दिवसांचे आहे, मागची बाकी त्यात आहे का, आणि मीटर बदलतानाचा आकडा बरोबर लिहिला आहे का. जुने मीटर मंद झालेले असेल तर खरे माप आता दिसू लागते, हेही शक्य आहे. तरीही पटत नसेल तर लेखी तक्रार करा. २०२४ मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार रीडिंगबद्दल तक्रार आल्यापासून पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरे मीटर लावायचे आहे आणि किमान तीन महिने दोन्हींचे माप ताडून पाहायचे आहे. हा नियम फार थोड्यांना ठाऊक आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. स्मार्ट मीटरवर मंजूर भारापेक्षा जास्त मागणी दिसली तरी मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड लावता येत नाही, हेही नियमांत आहे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

दोन धोके ध्यानात ठेवा. "आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा संदेश खासगी नंबरवरून आला तर तो फसवणुकीचा समजा. ओटीपी कोणालाही देऊ नका, कोणी पाठवलेले ॲप डाउनलोड करू नका. दुसरे, दर अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घरात कोण केव्हा असते हे ओळखता येते. ही माहिती कंपनीकडे अमानत आहे. ती दुसऱ्या कोणाला दिली जाणार नाही याची हमी ग्राहकांनी मागावी.

या महिन्यात काय करायचे

बिलावर कोणाचे नाव आहे ते पाहा. अनेक घरांत अजून मरहूम दादांचे नाव आणि कधीच बंद झालेला मोबाइल नंबर असतो. मग रोजचा वापर, सूचना, तक्रारीचे उत्तर, काहीच आपल्यापर्यंत येत नाही. नाव बदलून घ्या. मोबाइल नंबर घर चालवणाऱ्या व्यक्तीचा नोंदवा. बहुतेक घरांत ती अम्मी किंवा भाभी असते. गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन केव्हा चालवायचे हे तिच्या हातात असते, मग हिशेबही तिच्याच फोनवर यायला हवा.

मुलांना महिनाभर रोजची युनिटे वहीत लिहायला सांगा. जुन्या बिलाशी ताडून पाहा. महिन्याच्या शेवटी तुमच्या वहीतली बेरीज आणि बिलावरची युनिटे जुळली तर पैसे निश्चिंत मनाने भरा. न जुळली तर ती वहीच तुमचा पुरावा आहे. ती घेऊन कार्यालयात जा.

अल्लाह आपल्याला घेताना आणि देताना माप पुरे ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.